खालूंचा स्तिफादो

मस्कतला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. अल् घुब्रातल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या जिन्यात, पहिल्याच शुक्रवारी सकाळी, एका माणसानं मला अडवलं. वय पन्नाशीचं, रंग सावळा, डोक्यावर जाळीची टोपी, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा एप्रन आणि हातात इवल्या इवल्या कांद्यांनी भरलेली परात.

"नवीन काय गो? कुठची?"

"वसईची."

"म्हणजे आपलीच. हे घे, वीस कांदे. सोलून आण. अख्खे राहायला पाहिजेत. बूड जास्त कापलंस तर कांदा सुटतो, नि कांदा सुटला तर मी तुला सोडणार नाय."

मी ओढणीच्या टोकात वीस कांदे घेऊन वर गेले आणि नवऱ्याला विचारलं, हा कोण वेडा? नवरा हसत हसत दुसरी सुरी शोधायला लागला. म्हणाला, "वीसच दिले? नशीबवान आहेस. मला चाळीस असतात."

ते आमचे खालू. खालू म्हणजे मावशीचा नवरा, पण ते कुणाच्याच मावशीचे नवरे नव्हते. तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहायचे. गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. बायको तिकडे, आणि वर्षाआड एक महिना हे तिकडे. रुवीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये आठवड्याचे सहा दिवस डाळ-भात-मासळी शिजवायचे. त्याआधी वीस वर्षं ग्रीक मालकांच्या मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. सहा दिवस लोकांच्या आवडीचं शिजवणारा हा माणूस सातव्या दिवशी, सुट्टीच्या शुक्रवारी, स्वतःच्या आवडीचं शिजवायचा. ते म्हणजे स्तिफादो.

स्तिफादो म्हणजे ग्रीक लोकांचं कांदा-मांसाचं कालवण. जितकं मांस तितकेच कांदे, तेही अख्खे. ऑलिव्हचं तेल, टोमॅटो, व्हिनेगर, दालचिनी, लवंग, तमालपत्र. तिखट नाही, हळद नाही. ग्रीक लोक त्यात बीफ नाहीतर ससा घालतात. आमच्या इमारतीत बीफ सगळ्यांना चालायचं नाही म्हणून खालू मटण घ्यायचे. एकदा माझा नवरा चुकून बोलून गेला, "खालू, हे तर आपलं कांदा-मटणच, फक्त तिखट विसरलेलं." खालूंनी त्याच्या पुढ्यातली वाटी उचलली आणि शेजारच्याच्या पुढ्यात ठेवली. दुसऱ्या शुक्रवारी त्याच्या वाट्याला साठ कांदे आले.

इमारतीतल्या पोरांना 'स्तिफादो' म्हणता यायचं नाही. ती 'इस्तिफा' म्हणायची. गुरुवारी संध्याकाळपासून जिन्यात आरोळ्या चालायच्या, "उद्या इस्तिफा!" एका नवीन बिऱ्हाडकरूनं हे ऐकून माझ्या नवऱ्याला काळजीनं विचारलं होतं, कोण नोकरी सोडतंय?

खालूंचे नियम बोटीवरचे होते आणि ते मोडायची परवानगी कुणालाच नव्हती. स्वयंपाकाच्या जागेला 'गॅली' म्हणायचं. गॅली म्हणजे इमारतीमागची मोकळी जागा, पत्र्याचं छप्पर आणि गॅसची मोठी शेगडी. जो खाणार त्यानं कांदे सोललेच पाहिजेत. आमचा ओमानी घरमालक, ज्याला आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, तोही शुभ्र, पायघोळ दिशदाशा घालून स्टुलावर बसायचा आणि कांदे सोलता सोलता घळाघळा रडायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी घाबरले होते, की भाडं वाढवायला आलेला माणूस रडतोय कशाला!

पातेल्यात डाव घालायचा नाही, हा दुसरा नियम. डावानं कांदे फुटतात. झाकणाच्या कडेला कणकेची वळी दाबून ते बंद करायचं आणि चार तास मंद आचेवर ठेवायचं. दर अर्ध्या तासानं पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, तेही कसं, तर पाळण्यातल्या बाळाला हलवावं तसं.

पण एक अडचण होती. पातेलं चढायचं दहाला. खालू आणि बाकीचे मुसलमान शेजारी नमाजाला जायचे, आणि आखातात आमची मिसाही शुक्रवारीच, म्हणून आम्ही ख्रिस्ती मंडळी चर्चला. मग पातेल्यावर पहारा कोण देणार? ते काम दुसऱ्या मजल्यावरच्या पुण्याच्या काकूंकडे होतं. काकू कट्टर शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा त्या घरात येऊ देत नसत. तरी दर शुक्रवारी त्या पदर नाकाला लावून, घड्याळ बघून, बरोब्बर अर्ध्या तासानं पातेलं हलवायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही खात नाही, मग हे कशाला करता?" त्या म्हणाल्या, "अगं, त्यांनी विश्वासानं सांगितलं. शिवाय बाकी कुणाला जमत नाही. तुझा नवरा तर डबा घासल्यासारखं हलवतो."

दोनच्या सुमाराला झाकण उघडायचं. वाफ बाहेर पडली की खालू डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि ग्रीकमध्ये म्हणायचे, "काली ओरेक्सी!" पोटभर जेवा, असा काहीतरी त्याचा अर्थ. मग चटईवर पंगत. खुबूस, म्हणजे अरबी रोटी, तोडून रश्श्यात बुडवायचे. कांदे गुलाबजामसारखे मऊ, दाबले की जिभेवर विरघळणारे. आणि शेवटचा नियम, घरी न्यायचं नाही. डबा आणला की खालू भडकायचे. "हे काय हॉटेल हाय? बसून खायचं, सगळ्यांबरोबर. एकट्यानं खाल्लास तर नुसता कांदा हाय तो."

त्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदा कांदे सोलताना सांगितली. त्यांचं जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर दोन महिने नांगर टाकून पडलं होतं. मालकाचं काहीतरी भांडण चालू होतं. अन्न संपत आलेलं. अधिकाऱ्यांची मेस वेगळी, खलाशांची वेगळी, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांवर सुऱ्या उगारण्याच्या बेतात. तिथला मुख्य स्वयंपाकी म्हातारा ग्रीक होता. त्यानं एक दिवस अधिकाऱ्यांच्या फ्रीजरमधलं उरलेलं मांस आणि खलाशांच्या कोठीतले कांदे एकाच पातेल्यात घातले. ताटं डेकवर मांडली आणि सांगितलं, ज्याला खायचंय त्यानं इथे बसावं. "कप्तान पण आला गो," खालू म्हणाले. "माझ्या बाजूला मांडी घालून बसला. त्याला मांडी घालता येत नव्हती, पडला बिचारा. मग सगळे हसले. भांडण खलास." तेव्हा खालू त्या म्हाताऱ्याच्या हाताखाली होते. पुढे त्यानंच त्यांना स्तिफादो शिकवला.

शुद्धतेबाबत तर खालू कुणाचं ऐकून घेत नसत. मी एका शुक्रवारी आईनं वसईहून बाटलीत भरून पाठवलेला मसाला चिमूटभर, अगदी चिमूटभर, झाकण लावायच्या आधी पातेल्यात टाकला. कुणी पाहिलं नव्हतं. दोन वाजता खालूंनी पहिला घास घेतला, चावायचं थांबले, आणि पंगतीवरून नजर फिरवत माझ्यावर आणून ठेवली. बोलले काहीच नाहीत. पुढचे दोन आठवडेही बोलले नाहीत. माझ्या वाट्याचे कांदे दारात परातीत ठेवलेले असायचे, घंटी वाजवून माणूस गायब.

म्हणूनच एका ग्रीक पाहुण्याची हकीगत सांगायला मला फार आवडतं.

माझा नवरा हॉटेलात फ्रंट ऑफिसला होता. तिथे एक ग्रीक इंजिनियर सहा महिने मुक्कामाला आला. नवऱ्यानं त्याला सहज सांगितलं, आमच्याकडे दर शुक्रवारी स्तिफादो असतो. त्या माणसाला आधी खरं वाटेना, मग तो मागेच लागला. हे खालूंना कळवलं. आठवडाभर त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. कँटीनमध्ये डाळीत दोनदा मीठ घातलं म्हणे. मला म्हणाले, "बाय, इतकी वर्षं मी तुम्हाला सांगतोय हा ग्रीक लोकांचा स्तिफादो. त्यानं उद्या सांगितलान की हा नाय, तर मी तोंड कुठं दाखवू?"

शुक्रवारी पाहुणा आला. उंच, टक्कल पडलेला, हसऱ्या चेहऱ्याचा. खालूंनी एप्रन झटकला, पुढे झाले आणि वीस वर्षं जपून ठेवलेलं एक लांबलचक ग्रीक वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं. पाहुण्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग तो पोट धरून हसायला लागला. खालूंना वाटत होतं ते स्वागताचं वाक्य आहे. निघाली खलाशांची शिवी, आणि तीही पाहुण्याच्या आजीवरून. खालूंचा चेहरा पडला, पण पाहुण्यानं त्यांना मिठीच मारली. म्हणाला, आमच्या बंदरात लहानपणी हीच ऐकायचो. मग त्याच्याही हातात वीस कांदे आले.

दोन वाजता झाकण उघडलं. पाहुण्यानं खुबूस बुडवून एक घास घेतला. सगळी पंगत त्याच्या जबड्याकडे बघत होती. काकूसुद्धा जिन्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यानं दुसरा घास घेतला. मग कपाळाला आठी घालून इंग्रजीत विचारलं, "हा आंबटपणा कसला? ही वाईन नाही. नुसतं व्हिनेगरही नाही."

"सिक्रेट," खालू घाईघाईनं म्हणाले.

पण पाहुण्यानं रश्श्यातून बोटांनी एक काळपट, मऊ सालीचा तुकडा बाहेर काढला होता आणि उजेडात धरून बघत होता. मी बघितलं, आणि ओरडलेच, "खालू! आमसूल?"

मग जो गलका झाला! माझा नवरा उठून उभाच राहिला. "माझ्या बायकोशी चिमूटभर मसाल्यासाठी दोन आठवडे बोलला नाहीत, आणि तुम्ही खुशाल कोकम घालताय?"

खालूंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "ग्रीक लोक ह्यात लाल वाईन घालतात, ती आपल्याला हराम. मग तो लाल रंग, ती आंबट चव मी कुठनं आणू? म्हाताऱ्याला जहाजावरच विचारलं होतं. तो म्हणाला, तुझ्या घरी आंबट काय असतं ते घाल. घरून पिशवी आणतोय दर खेपेला. सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी आपापली पिशवी आणली असतीत."

नवऱ्यानं पाहुण्याला हे इंग्रजीत समजावलं. पाहुण्यानं तो तुकडा तोंडात टाकला. म्हणाला, त्याच्या आईनं हलाखीच्या दिवसांत वाईनशिवाय केलेला स्तिफादो त्याला आठवतो. झाडाला जे आंबट असेल ते ती घालायची. "हा माझ्या आईचा नाही," तो म्हणाला, "पण तिनं जेवून पुन्हा मागितला असता." आणि त्यानं ताट पुढे केलं. खालू त्याला वाढायला वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. डोळे पुसत होते. कांदे तर केव्हाचे शिजले होते.

जाताना खालूंनी मला हाक मारली. "बाय, पुढच्या शुक्रवारी तुझा तो मसाला आण. चिमूटभर. जास्त नाय."

मग दोन हजार सातच्या जूनमधलं ते वादळ आलं. मस्कतमध्ये कुणी असा पाऊस पाहिला नव्हता. वाद्या, म्हणजे एरवीचे कोरडे ओढे, भरून वाहिल्या, रस्ते खचले, गाड्या तरंगत गेल्या. आमच्या तळमजल्यात कमरेइतकं पाणी शिरलं. खालू वर आले ते मोठं पातेलं डोक्यावर घेऊन. बाकी सगळं, गादी, रेडिओ, कपड्यांची ट्रंक, खाली पाण्यात. मी म्हटलं, "खालू, पातेलं कसलं वाचवता? पासपोर्ट कुठाय?" त्यांनी पातेलं खाली ठेवलं. झाकण कणकेनं घट्ट बंद केलेलं होतं. आत पासपोर्ट आणि खालांची, म्हणजे त्यांच्या बायकोची, सगळी पत्रं, कोरडीठाक.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पण वीज नव्हती आणि नळ कोरडे. प्यायच्या बाटल्या जपून वापरायच्या होत्या. आणि घराघरांत फ्रीजरमधलं मांस वितळायला लागलं होतं. बायका जिन्यात उभ्या राहून म्हणत होत्या, पाण्याशिवाय शिजवायचं कसं? फेकूनच द्यावं लागणार.

खालू उसनी लुंगी नेसून दारोदार फिरले. "काढा. सगळं काढा. ह्याला पाणी लागत नाय. कांदा आपलं पाणी आपण सोडतो." माझ्या फ्रीजरमध्ये हात घातला, पोर्कच्या सॉसेजचं पाकीट दिसलं, तसा हात मागे घेऊन म्हणाले, "हे तुझं तू बघ हां."

गॅली त्या दिवशी गच्चीवर होती. तीन शेगड्या मांडल्या. एका पातेल्यात मटण, दुसऱ्यात बीफ. तिसऱ्यात त्यांनी काकूंनी भिजवून ठेवलेले छोले घातले, तसेच कांदे, तोच मसाला, आणि म्हणाले, "काकू, हा पण स्तिफादोच हाय. ग्रीक लोक उपासाला खातात. इतकी वर्षं तुम्ही माझं पातेलं हलवलंत, आज तुमचं मी हलवतो." काकू त्या दिवशी पहिल्यांदा पंगतीला बसल्या.

ताटं धुवायला पाणी नव्हतं, म्हणून खुबूस हीच ताटं. आम्ही खात असताना अर्बाब गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला वर आला. पलीकडच्या शाळेत आसपासची पंचवीस-तीस कुटुंबं आसऱ्याला आली आहेत, सकाळपासून पोरं उपाशी आहेत, म्हणाला. खालूंनी आपल्या हातातला खुबूस खाली ठेवला. पातेल्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आणि ओरडले, "डबे! ज्याच्या घरात जेवढे डबे असतील तेवढे आणा! यल्ला!"

आमच्यातला एकही जण हलला नाही. डबा हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही शिवी म्हणूनच ऐकला होता. मग सगळे एकदम पळाले. अर्बाबच्या उंच गाडीत डबे, कुकर, बादल्यासुद्धा भरल्या. खालू मागे उभे राहून दोन्ही हातांनी पातेलं धरून गेले. परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती, पातेलं रिकामं होतं आणि अंगावरच्या लुंगीला चिखल. मी विचारलं, "तुमच्या खोलीचं काय आता?"

"खोली सुकेल गो," ते म्हणाले. "त्या पोरांनी पातेलं चाटून पुसून साफ केलं. घासायचं पाणी वाचलं बघ."

पुढच्या वर्षी कंपनीनं त्यांना निवृत्त केलं आणि ते गावी गेले. त्याच्या पुढच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही वसईला आलो, तेव्हा मी आणि नवरा लेकीला घेऊन त्यांना भेटायला खाडीकाठच्या त्या गावी गेलो. स्टँडवर घर विचारलं. रिक्षावाला म्हणाला, "कप्तानाकडे काय? बसा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दारात खालू आले ते पांढऱ्या पॅंट-शर्टात, खिशाला पेन. आम्हाला पाहून चेहरा उजळला आणि लगेच उतरला. आत ओटीवर दोन म्हातारे शेजारी बसले होते. त्यातला एक कौतुकानं आम्हाला सांगायला लागला, "कप्तानानं अख्खी दुनिया बघितलान. जहाजावर मोठा साहेब होता." खालू माझ्याकडे बघत होते. मस्कतच्या आमच्या बारा वर्षांत ज्यांनी कुणासमोर मान झुकवली नाही, ते डोळ्यांनी हात जोडत होते.

मला समजलं. लग्न ठरताना कुणीतरी सांगितलं असेल, मुलगा जहाजावर अधिकारी आहे. मग ते खोटं मोडायची हिंमत झाली नसेल. मी आणि नवरा गप्प बसलो. पण माझी लेक, मस्कतला वाढलेली, तिचं मराठी अडखळत चालणारं, तिला यातलं काहीच कळलं नाही. खाला सरबत घेऊन आल्या तशी ती आनंदानं म्हणाली, "खाला, तुम्हाला डेली मजा. खालू तुमच्यासाठी रोज स्तिफादो कुक करतो?"

म्हाताऱ्यांनी खालूंकडे पाहिलं. खालूंनी जमिनीकडे.

खाला ठेंगण्या, गोऱ्या, तोंडाचं बोळकं झालेल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि माझ्या लेकीच्या गालावरून हात फिरवला. "नाय गो बाय. मला चहा पण करून दिला नाय कधी. साहेब माणूस ना." मग खालूंकडे वळून म्हणाल्या, "पहिल्या सुट्टीला आलात तवाच मला कळलं होतं. हातावर तेलाचे चटके. साहेबाच्या हातावर तेलाचे चटके असतात काय?"

"मग बोललीस का नाय?" खालूंचा आवाज ऐकू येईल न येईल असा.

"लोक कप्तान म्हणायचे नि तुमचं तोंड असं फुलायचं. म्हटलं, बरं दिसतंय, राहू दे." त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदरानं डोळे टिपायला लागल्या. "पस्तीस वरसं वाट बघतेय, ह्या माणसाच्या हातचं खायला मिळेल म्हणून. लोकांची पोरं जेवली, नि मी आपली इथे चुलीशी."

शेजारचे म्हातारे उठायला लागले, तर खालांनी त्यांनाही बसवलं. मग खालूंनी खिशातलं पेन काढून कोनाड्यात ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि आत गेले.

बऱ्याच वेळानं रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "कप्तान हाय काय घरात?"

खाला ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच बसल्यासारख्या. तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हाय! पण आता भेटायचा नाय. बायकोसाठी मटण शिजवतोय!"